परकी भाषा आणि अर्ध्यावर सुटलेली शाळा

परकी भाषा शिकवावी कशी, हा वाद आपल्याकडे शंभर-दीडशे वर्षे चालू आहे. व्याकरण आधी की बोलणे आधी? वर्गात मराठी शब्द उच्चारावा की नाही? इंग्रजी पाचवीपासून असावे की पहिलीपासून? समित्यांचे अहवाल घ्या, पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावना घ्या, हेच प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतात. पण या साऱ्या वादात एक विद्यार्थी बहुधा वगळला जातो, आणि तो म्हणजे शाळा पुरी न करणारा. बापाला शेतात हाताखाली माणूस हवे म्हणून, थोरलीचे लग्न झाले नि घरकाम धाकटीवर आले म्हणून, घरची माणसे ऊसतोडीला निघाली म्हणून, जो मध्येच सुटतो तो. शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्यापैकी जे खेड्यांतल्या शाळांत शिकवतात त्यांना असा मुलगा नावानिशी ठाऊक असेल. तीन-चार वर्षे इंग्रजी शिकून तो गेला. त्याच्या पदरात नेमके काय पडले?

हा प्रश्न रोखठोक विचारला तो मायकेल वेस्ट नावाच्या एका इंग्रज शिक्षणाधिकाऱ्याने. बंगालमध्ये ढाक्याला शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात ते काम करीत. 1926 साली त्यांचे द्विभाषिकतेवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. वर्गात बसलेल्या मुलांपैकी पुष्कळ जण शेवटच्या इयत्तेपर्यंत पोचतच नाहीत, हे त्यांना दिसत होते. त्यांनी उपमा घेतली विम्याची. हप्ते भरता भरता माणसाने पॉलिसी मध्येच सोडली, तरी कंपनी काही रक्कम त्याच्या हाती ठेवते. शिक्षणाचेही तसेच असले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. आपल्या कोल्हापूरकडे सांगायचे तर गुऱ्हाळाकडे बघावे. रस पुरता आटेपर्यंत थांबलात तर गुळाचा रवा मिळतो; पण त्याच्या अगोदर काहिलीतून काढलेली काकवीसुद्धा भाकरीशी खाता येते. ज्या पद्धतीत गूळ तरी होतो नाहीतर सारे वाया जाते, ती पद्धत खेड्याच्या कामाची नाही. या एका कसोटीवर आपण आपल्या मुलखाचा भाषाशिक्षणाचा इतिहास घासून पाहू.

इंग्रजीच्या आधी आपल्या लोकांनी शिकलेली परकी भाषा म्हणजे फारशी. दरबारचा पत्रव्यवहार फारशीतून चाले, म्हणून ती येणाऱ्याला मान होता. पारसनीस हे आडनाव त्या कामावरूनच पडले. पुढे राज्ये बदलली, फारशीची गरज सरली, समाजाने तो अभ्यास सोडून दिला. एका अर्थी सगळ्या समाजानेच ती शाळा अर्ध्यावर सोडली म्हणा ना! मग हाती काय उरले? जमीन, कागद, दप्तर, बाजार, हंगाम हे शब्द उरले. खरीप आणि रब्बी हे शब्दही त्याच वाटेने आले. मूळचे अरबी, फारशीच्या हाताला धरून आपल्या शेतात शिरलेले. ज्याने फारशीचे अक्षर पाहिले नाही असा शेतकरीही ते रोज वापरतो. कवी माधव जूलियन, म्हणजे प्रा. माधवराव पटवर्धन, हे फारशीचे जाणकार. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकवण्यात घालवली. त्यांचा फार्शी-मराठी कोश 1925 चा. गंमत अशी, की गझल मराठीत रुजवण्यासाठी झटणारा हाच माणूस पुढे भाषाशुद्धीचा पुरस्कर्ता झाला. असो, तो विषय निराळा.

आता इंग्रजीकडे येऊ. पहिले उदाहरण कोल्हापूरच्या गादीवरचेच आहे. छत्रपती राजाराम महाराज 1866 साली दत्तक येऊन गादीवर बसले. 1870 साली ते विलायतेला गेले. संस्थानिकाने समुद्र ओलांडणे हे त्या काळी मोठे धाडस होते. प्रवासात त्यांनी इंग्रजीतून रोजनिशी ठेवली. परत येताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले, आणि पुढे तेथे त्यांचे स्मारक उभे राहिले. ते आजही आहे. कॅप्टन वेस्ट यांनी ती रोजनिशी संपादून 1872 साली लंडनमध्ये छापली. (हे वेस्ट निराळे, ढाक्याचे नव्हेत.)

या रोजनिशीचे मोल तिच्या भाषेच्या सौंदर्यात नाही. आज कोणाची भेट झाली, काय पाहिले, कोठे गेलो, अशा साध्या नोंदी आहेत. पण शिकवण्याच्या दृष्टीने पाहा. विद्यार्थी एक, त्याच्यामागे शिक्षक, भोवती इंग्रजी बोलणारी माणसे, आणि शिकलेली भाषा त्याच दिवशी कामाला येते. आज शिकलेला शब्द आज रात्री वहीत उतरतो. त्या तरुण राजाचे आयुष्य अर्ध्यावर तुटले, पण भाषा अर्ध्यावर तुटली नाही. जेवढी आली होती तेवढी कागदावर चालती-बोलती राहिली. अर्थात ही पद्धत दरबारी. एका मुलामागे एक पंतोजी ठेवणे कोणत्या गावाला परवडेल?

त्यांच्या नावाचे राजाराम कॉलेज 1880 साली निघाले. न्यायमूर्ती रानड्यांचे बालपणीचे इंग्रजी शिक्षण त्याच्या पुष्कळ आधी कोल्हापुरातच सुरू झाले होते. गोपाळ कृष्ण गोखले हे कागलच्या शाळेतून कोल्हापूरला आले, 1881 साली मॅट्रिक झाले आणि राजाराम कॉलेजात दाखल झाले. गोखल्यांची पद्धत कोणती? पाठांतर. इंग्रजी गद्यपद्याचे लांबच लांब उतारे ते मुखोद्गत करीत, आणि त्यासाठी त्यांची ख्याती होती. आज पाठांतर म्हटले की आपण नाक मुरडतो. पण 1902 साली कलकत्त्याला वरिष्ठ कायदेमंडळात उभे राहून ज्या माणसाने सरकारच्या अंदाजपत्रकाची चिरफाड केली, त्याच्या इंग्रजीचा पाया या पाठांतराने घातला होता, हे विसरून चालणार नाही. घोकंपट्टी आणि पाठांतर यांत मी फरक करतो. अर्थ कळून पाठ केलेला उतारा ही मिळकत आहे; दहा ओळी पाठ झाल्या तर दहा ओळी आपल्या झाल्या. मात्र या मार्गाने भाषा हाती येण्यास वर्षे लागतात, आणि ती वर्षे ज्याच्या घरी दोन वेळची भाकर आहे त्यालाच, किंवा ज्याच्यासाठी दुसरा कोणी पोटाला चिमटा घेतो त्यालाच मिळतात. गोखल्यांचे वडील लवकर वारले. थोरल्या भावाने नोकरी धरली, तेव्हा धाकट्याचे शिक्षण झाले.

1917 साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. त्या शाळांत मराठीच शिकवत, इंग्रजी नव्हे. पण त्यामुळे पुढच्या शाळेच्या दारात येणारे मूल बदलले. ज्याच्या घरात पुस्तक नाही, ज्याच्या गावात इंग्रजी बोलणारे कोणी नाही, असे मूल आले. या मुलाचा खरा मास्तर ठरले एक पुस्तक, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. तिची रचना तुमच्यापैकी कित्येकांना आठवत असेल. थोडे शब्द अर्थांसह, एखादा नियम, मग इंग्रजी वाक्यांचे मराठी करा, मराठी वाक्यांचे इंग्रजी करा. तीन भाग, एका पायरीवर दुसरी पायरी. विद्वानांनी या पद्धतीची भरपूर थट्टा केली. वाक्ये कृत्रिम, बोलणे शून्य, असे आक्षेप घेतले. आक्षेप खोटे नाहीत. पण कसोटी लावून पाहा. पहिला भाग करून शाळा सोडलेल्या मुलालाही साधे इंग्रजी वाक्य उलगडता येई. ते पुस्तक त्याच्याबरोबर घरी जाई, आणि मास्तर नसला तरी गोठ्यातल्या कंदिलाखाली दुसरा भाग उघडता येई, कारण समजावून सांगणारी भाषा त्याची स्वतःची होती.

कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलचे विद्यार्थी. तेही शिक्षण पुरे न करताच बाहेर पडले. पुढे साताऱ्यात ते शिकवण्या घेत, आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. शाळेतून अर्ध्यावर निघालेला माणूस दुसऱ्यांना शिकवू शकला, याला कर्तृत्व हे मुख्य कारण. पण शाळेने तोवर जे दिले ते वापरता येण्याजोगे होते, हेही खरे.

याच सुमारास पाश्चात्य देशांत वारे फिरले होते. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स गावी बर्लिट्झ नावाच्या गृहस्थाने 1878 साली भाषांची शाळा काढली. असे सांगतात, की त्याने फ्रेंच शिकवायला एक फ्रेंच माणूस नेमला, आणि तो आल्यावर कळले की त्याला इंग्रजीचा गंधही नाही. त्यातच बर्लिट्झ आजारी पडला. वस्तूंकडे बोट दाखव, हातवारे कर, असे सांगून त्याने वर्ग त्या माणसाच्या हवाली केला. काही आठवड्यांनी येऊन पाहतो, तर विद्यार्थी फ्रेंच बोलत होते! मातृभाषा बाजूला ठेवून थेट परक्या भाषेतच शिकवण्याची ही पद्धत प्रत्यक्ष पद्धत म्हणून गाजली आणि आपल्या ट्रेनिंग कॉलेजांतही आली.

पण या गोष्टीतले मर्म आपण नीट पाहिले नाही. त्या वर्गाचा शिक्षक जातीचा फ्रेंच होता, आणि शिकणारे पैसे मोजून आलेले मोठे लोक होते. आपल्याकडे वर्गात साठ पोरे, आणि शिकवणाऱ्याने स्वतः इंग्रजी कानाने क्वचितच ऐकलेले. त्याला सांगितले, की मराठी बोलू नका. मग वर्गात जे उरते ते उभे राहणे, बसणे, खिडकी उघडणे आणि दार लावणे! दोन वर्षांनी शाळा सुटली की तेही विरून जाते. बोलण्याची सवय ऐकणाऱ्यावाचून टिकत नाही. वेस्ट यांनी म्हणूनच वाचनाला पहिले स्थान दिले. वाचन थोडे आले तरी थोडे उपयोगी पडते, आणि त्याला दुसरा माणूस लागत नाही. त्यांनी मोजक्या शब्दांची, नवे शब्द विरळ पेरलेली वाचनमाला तयार केली. 1953 साली त्यांनी प्रसिद्ध केलेली सुमारे दोन हजार नित्य शब्दांची यादी जगभर वापरली गेली.

स्वातंत्र्यानंतर वाक्यरचनांच्या साच्यांवर आधारलेली पद्धत आली. थोर कन्नड कवी वि. कृ. गोकाक 1950 च्या सुमारास राजाराम कॉलेजचे प्राचार्य होते. हैदराबादला 1958 साली इंग्रजीच्या अध्यापनाची केंद्रीय संस्था निघाली, आणि लवकरच तिची धुरा त्यांच्याकडे आली. स्वतः कन्नडमध्ये काव्य करणारा माणूस इंग्रजी शिकवण्याच्या संशोधनाचा प्रमुख झाला, ही मला फार समर्पक गोष्ट वाटते. साच्यांच्या पद्धतीने शिकवण्यात क्रम आणि शिस्त आणली, हे तिचे श्रेय. पण साचे घोटून घेतलेला मुलगा वर्गाबाहेर अडखळे. यावर उपाय शोधीत एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. तो बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. व्याकरणाचा पाठ नाही. मुलांपुढे गाडीचे वेळापत्रक, नकाशा असे काही ठेवायचे आणि त्यातला प्रश्न सोडवायला लावायचा. भाषा वाटेत येते. तपासणीत निष्कर्ष संमिश्र निघाले, पण वेळापत्रक वाचता येणे ही अर्ध्यावर सुटणाऱ्यालाही मिळणारी कमाई आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. याच प्रभूंनी पुढे 1990 साली सर्वोत्तम पद्धत अशी काही नसतेच, असे प्रतिपादन केले. शिक्षकाला स्वतःला जे पटते, उमजते, त्यातूनच वर्ग जिवंत राहतो, असा त्यांचा रोख होता.

मातृभाषेविषयीही वारे पुन्हा फिरले आहे. कॅनडातले जिम कमिन्स 1979 पासून सांगत आले, की एका भाषेत पक्के झालेले वाचन-विचार दुसऱ्या भाषेच्या कामी येतात. गाय कुक यांनी 2010 साली भाषांतराची बाजू घेणारे अख्खे पुस्तकच लिहिले. तर्खडकरांना हे ऐकून हसू आले असते.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. लवकर सुरुवात झाली, म्हणजे अर्ध्यावर सुटणाऱ्याच्या पाठीशी इंग्रजीची वर्षे अधिक जमा होतात. ती वर्षे कशात गेली, हे मात्र दाखल्यावर लिहिलेले नसते. तेव्हा तुमच्या वर्गातून पुढचे मूल दाखला घेऊन निघेल, त्या दिवशी एवढे करून पाहा. औषधाच्या खोक्यावरची मुदत, खताच्या पोत्यावरचा मजकूर, रेल्वेचे तिकीट, यांतले एखादे त्याच्या हाती द्या. काय वाचता आले, कोठे अडले, ते वहीत टिपून ठेवा. पाच-दहा वर्षांच्या अशा नोंदी एका तालुक्यातल्या शाळांतून गोळा झाल्या, तर आजवर कोणत्याही समितीला न मिळालेली माहिती तुमच्यापाशी असेल.