समुद्राने सोडलेले नगर

एफिससच्या नाट्यगृहाच्या वरच्या पायरीवर उभे राहिले म्हणजे समोर संगमरवरी फरसबंदीचा एक सरळ राजमार्ग दिसतो. लांबी सुमारे ५३० मीटर, रुंदी ११ मीटर. दुतर्फा खांबांचे अवशेष. सम्राट आर्केडियसच्या काळात, म्हणजे इसवी सन ४०० च्या सुमारास, या रस्त्यावर रात्री दिवे लागत, आणि गलबतातून उतरलेला परदेशी व्यापारी त्या उजेडात नगरात शिरे. आज हा रस्ता पाणथळ जमिनीत आणि झाडझाडोऱ्यात जाऊन संपतो. समुद्र तेथून पाचसहा किलोमीटर तरी दूर गेला आहे.

आजच्या तुर्कस्तानात, इझमीरच्या दक्षिणेस, सेल्चुक गावाजवळ हे अवशेष आहेत. या नगराला गॉथ लोकांनी लुटले, भूकंपांनी हादरवले. पण त्याचा जीव घेतला तो गाळाने. कायस्टर नावाची एक लहानशी नदी येथे समुद्राला मिळते. वरच्या खोऱ्यातली झाडी तुटून शेती वाढली, तशी डोंगरउतारावरची मोकळी माती ती खाली आणू लागली आणि दरवर्षी किनारा थोडाथोडा पुढे ढकलू लागली.

ग्रीकांचे जुने नगर आर्टेमिस देवीच्या मंदिराच्या आसपास होते. हे मंदिर प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. इसवी सनापूर्वी ३५६ मध्ये हेरोस्ट्रेटस नावाच्या माणसाने केवळ आपले नाव अमर व्हावे म्हणून ते पेटवून दिले. पुढे अलेक्झांडरने नव्या बांधकामाचा खर्च देऊ केला, तेव्हा एका देवाने दुसऱ्या देवाला दान करणे शोभत नाही, असे गोड उत्तर देऊन गावकऱ्यांनी तो नाकारला, असे स्ट्रॅबो सांगतो. नंतर लिसिमाकस राजाने दोन टेकड्यांच्या मधे नवे नगर आखले. जुनी घरे सोडायला कोणी तयार होईना. राजाने मुसळधार पावसाची वाट पाहिली आणि गटारांची तोंडे बुजवली! घराघरांत पाणी शिरले, तेव्हा लोक निमूटपणे नव्या जागी गेले.

नव्या बंदरामागेही गाळ लागलाच. पर्गमॉनच्या अ‍ॅटलस राजाला वाटले, बंदराचे तोंड अरुंद केले तर आतले पाणी खोल राहील. त्याने बांध घातला. परिणाम उलटा झाला. पूर्वी भरतीओहोटीबरोबर जो गाळ बाहेर जाई, तो आता बांधाआड आतच बसू लागला.

रोमन आले आणि एफिसस आशिया प्रांताचे प्रमुख नगर बनले. सेल्ससचे ग्रंथालय याच वैभवाच्या काळातले. एका मुलाने आपल्या वडिलांची स्मृती म्हणून ते उभारले आणि ग्रंथांच्या खालीच वडिलांची समाधी केली. तेथे सुमारे १२,००० गुंडाळ्या होत्या असा अंदाज आहे. आज दिसते ती दुमजली दर्शनी भिंत ऑस्ट्रियन संशोधकांनी १९७० ते १९७८ या काळात पडलेले दगड जुळवून पुन्हा उभी केली.

पण या वैभवाच्या ऐन भरातही बंदराची चिंता सुटली नव्हती. नीरोच्या कारकिर्दीत प्रांताधिपती बॅरिआ सोरानस याने ते उपसवले. हेड्रियन सम्राटाने नदीची वाट वळवली. दुसऱ्या शतकातला एक हुकूम दगडावर कोरलेला सापडला आहे: धक्क्याजवळ इमारती लाकूड रचू नये, तेथे दगड कापू नयेत, कारण कापताना पडणारा चुरा पाण्यात जाऊन बंदर उथळ होते. ज्या लाकडा-संगमरवराने नगर नटत होते, त्याचाच भार बंदराला सोसवत नव्हता. हुकूम काढणाऱ्याला रोग नेमका कळला होता. पण व्यापाऱ्याला मालाची घाई, गवंड्याला कामाची घाई, आणि नदी तर कोणाच्याच हुकमातली नव्हती.

शेवटी जहाजे यायची थांबली आणि माणसे टेकडीकडे सरकली. देवीचे मंदिर गाळाखाली असे गडप झाले की त्याची जागादेखील कोणाला सांगता येईना. जॉन टर्टल वुड या इंग्रज गृहस्थाने १८६३ पासून शोध चालवला. नाट्यगृहातल्या एका शिलालेखात देवीच्या मिरवणुकीचा मार्ग दिला होता. तो धरून खणता खणता ३१ डिसेंबर १८६९ रोजी, वीसएक फूट खाली, मंदिराची फरशी लागली.

आज तेथे तुकडे रचून उभा केलेला एकच खांब आहे. त्याच्या माथ्यावर करकोचे घरटे करतात आणि पायथ्याशी पाणी साचते. हेरोस्ट्रेटसची आग एका रात्रीची होती. तिच्यानंतर मंदिर पुन्हा उभे राहिले. गाळ मात्र शतकानुशतके ओंजळी-ओंजळीने येत राहिला. आगीला धावून जाणारे लोक प्रत्येक गावात असतात. ओंजळभर माती रोज उपसत बसायला मात्र पिढ्यांचा धीर लागतो. एफिससपाशी संपत्ती होती, विद्या होती, राजाश्रय होता; तेवढा एक धीर पुरला नाही.