डबलसीट आणि टँडेम



मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं नेदरलँड्सला लेकीकडे दोन महिने राहून आलो. त्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त. सकाळी खिडकीत उभं राहिलं की शाळेची मुलं, ऑफिसची माणसं, सत्तरीच्या आज्या, सगळे सायकलवर. आमचे हे खिडकीशी खुर्ची घेऊन तासन्‌तास बघत बसायचे. बोलायचे काही नाहीत, पण मला कळत होतं.

यांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आणि स्कूटर विकावी लागली. त्या दिवसापासून घरात तो विषय नाही. मी काढला तर हे पेपर उघडतात.

एका शनिवारी जावईबापू भाड्याची सायकल घेऊन दारात उभे. एकच सायकल, पण लांबलचक. दोन सीट, दोन पायडलच्या जोड्या, एकामागे एक. म्हणाले, "बाबा मागे, आई पुढे." मी म्हटलं, "मी? पुढे?" कॉलेजला असताना मी सायकलवर जायचे, पण बी.कॉम. झाले, लग्न झालं, आणि नंतर हँडल काही हातात आलं नाही.

ती सायकल म्हणजे टँडेम. त्या रात्री मला झोप येईना, म्हणून मी तिचा इतिहास वाचायला घेतला. तो तुम्हाला सांगते, कारण तो नुसता सायकलचा नाही. नवराबायकोत कोण पुढे, कोण मागे आणि हँडल कोणाच्या हातात, याचा तो इतिहास आहे.

आधी शब्द. 'टँडेम' हा लॅटिन शब्द. अर्थ 'सरतेशेवटी', म्हणजे वेळेच्या हिशेबानं लांबलेलं. इंग्रजांनी गंमत म्हणून तो एकामागे एक जुंपलेल्या घोड्यांच्या गाडीला लावला. घोड्यांवरून तो सायकलवर आला.

पण जोडप्यांसाठी पहिल्यांदा लोकप्रिय झाल्या त्या शेजारी-शेजारी बसायच्या गाड्या. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्री गावात जेम्स स्टार्ली नावाचे कारागीर होते. आधी शिवणयंत्रं बनवायचे, मग सायकलींकडे वळले. असं सांगतात की दोन सीटची गाडी ते मुलाबरोबर चालवून बघत होते. मुलाच्या पायात जोर जास्त, त्यामुळे गाडी सारखी वडिलांच्या बाजूला वळायची, आणि शेवटी ती रस्त्याकडेच्या झुडपात गेली. मग स्टार्लींनी १८७७ मध्ये दातेरी चक्रांची अशी जोडणी बसवली, की दोन्ही चाकं आपापल्या वेगानं फिरतील आणि तरी गाडी सरळ जाईल. त्यालाच आज डिफरन्शियल म्हणतात. तुमच्या-आमच्या दारातल्या मोटारीतही ते असतं. दोन माणसांचा जोर सारखा नसतो, आणि नसला तरी गाडी सरळ चालवता येते, ही गोष्ट स्टार्लींनी लोखंडात करून दाखवली.

१८८१ मध्ये राणी व्हिक्टोरियानं स्टार्लींच्या तीनचाकी मागवल्या. राणीनंच घेतल्यावर घरंदाज बायकांना बोलायची कोणाची हिंमत? नवराबायको, बहीणभाऊ तीनचाकीवर दिसू लागले. शेजारी-शेजारी बसायच्या गाडीला नाव पडलं 'सोशिएबल', म्हणजे गप्पा मारत जायची गाडी. पण ती इतकी रुंद की फाटकातून आत जाईना, आणि समोरून वारा आला की दोघांनाही तो अंगावर घ्यावा लागे. म्हणून सीट एकामागे एक आल्या.

अशाच एकामागे एक सीटच्या तीनचाकीवर १८८४ मध्ये जोसेफ आणि एलिझाबेथ पेनेल हे नवं लग्न झालेलं अमेरिकन जोडपं लंडनहून कँटरबरीला गेलं. त्याच वर्षी दोघं इटलीत फ्लॉरेन्सपासून रोमपर्यंत गेले. तो चित्रकार, ती लेखिका. तिनं लिहायचं, त्यानं चित्रं काढायची. पायडल दोघांनी मारायची आणि पुस्तकही दोघांचं. मला हे जोडपं फार आवडलं.

मग जॉन केम्प स्टार्ली, म्हणजे जेम्स स्टार्लींचे पुतणे, यांनी १८८५ मध्ये 'रोव्हर' सायकल आणली. दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी. आज आपण चालवतो ती जवळजवळ तीच. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. गाडी हलकी झाली, धक्के कमी झाले आणि १८९० नंतर दोनचाकी टँडेमचं वेडच लागलं.

त्या काळच्या कित्येक टँडेमवर बाई पुढे बसायची! बाईकडे पाठ करून बसणं असभ्य मानलं जाई. तिच्या घोळदार झग्यासाठी पुढच्या सीटसमोरची दांडी खाली वाकवलेली असे. मी वाचलं आणि खूश झाले. पुढची ओळ वाचली आणि हसू आलं. पुढचं हँडल एका दांड्यानं मागच्या हँडलला जोडलेलं असे, आणि गाडी मागून पुरुषच वळवायचा. बाईला पुढची जागा आणि सगळा वारा मिळाला, दिशा मात्र नाही. आपल्या घरांतही असं कुठे कुठे पाहिलंय ना? मान मोठा, पण निर्णय दुसरीकडे.

१८९२ मध्ये हॅरी डेकर या इंग्रज गीतकारानं टँडेमवर एक गाणं लिहिलं, 'डेझी बेल'. त्याची गोष्ट गमतीची आहे. डेकर सायकल घेऊन अमेरिकेत उतरला तेव्हा त्याला सायकलवर जकात भरावी लागली. मित्र म्हणाला, बरं झालं दोघांची सायकल आणली नाहीस, नाहीतर दुप्पट भरावी लागली असती! 'दोघांची सायकल' हे शब्द डेकरच्या डोक्यात बसले आणि त्यातून गाणं झालं. पुढे १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये संगणकाकडून पहिल्यांदा गाणं म्हणवून घेतलं, तेही हेच.

१८९० च्या दशकाच्या शेवटी फॅनी आणि विल्यम वर्कमन हे अमेरिकन जोडपं आपल्या देशात सायकलनं फिरलं. श्रीलंकेपासून वर हिमालयापर्यंत, वाटेत देवळं आणि शिल्पं बघत. त्यांच्याकडे टँडेम नव्हती, दोघांच्या दोन सायकली होत्या. जिचं हँडल तिच्या हातात!

विलायतेत टँडेमचे खरे भरभराटीचे दिवस आले १९३० नंतर. साधी नोकरदार जोडपी रविवारी टँडेमवर गावाबाहेर जायची. मूल झालं की बाजूला छोटी साइडकार जोडून त्यात बाळाला बसवायचं. महायुद्धानंतर घराघरात मोटार आली आणि टँडेम अडगळीत गेल्या.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? डबलसीट! लग्न झाल्यावर सांगलीत आम्ही संध्याकाळी हरिपूरच्या रस्त्यानं फिरायला जायचो. दुतर्फा चिंचेची झाडं. हे पायडल मारायचे आणि मी कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसायची, एका हातानं पदर आणि एका हातानं सीट धरून. चौकात हवालदार दिसला की यांनी हळूच म्हणायचं, "उतर." डबलसीटला दंड होता. मी उतरून चालत पुढे जायची आणि वळणावर पुन्हा बसायची. सुखाचे दिवस होते, तक्रार नाही. पण डबलसीटमध्ये एक ओढतो आणि एक ओझं असतो.

टँडेममध्ये ओझं कोणीच नसतं. दोघांच्या पायडल एका साखळीनं बांधलेल्या असतात. पुढच्याचे पाय फिरले की मागच्याचे फिरतात, आणि एकानं थांबायचं ठरवलं तर दोघं थांबतात. ब्रेक, गिअर, हँडल पुढे. पुढच्याला म्हणतात कॅप्टन. मागच्याला म्हणतात स्टोकर, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन. स्टोकरला समोर काय दिसतं? कॅप्टनची पाठ. खड्डा, वळण, चढ, काहीच कळत नाही. म्हणून कॅप्टननं सतत सांगत राहायचं असतं.

वाणिज्य शाखेची असल्यामुळे माझ्या मनात लगेच हिशेब सुरू झाला. मागच्याची मेहनत बघणाऱ्याला दिसत नाही. कौतुक हँडलवाल्याचं होतं, आणि कोळसा टाकणाऱ्याची मेहनत कोणत्याच वहीत जमा होत नाही. आपण गृहिणींनी किती वर्षं स्टोकरचं काम केलं, हे आपणच जाणतो.

पण वाचता वाचता दुसरीही बाजू दिसली. ज्यांना दिसत नाही, त्यांना टँडेमनं पुन्हा रस्ता दिला. पॅरालिम्पिकमध्ये टँडेमच्या शर्यती असतात. पुढे डोळस, मागे दृष्टिहीन. टोकियोच्या स्पर्धेत २०२१ मध्ये नील आणि लोरा फॅची या ब्रिटिश नवराबायकोनं आपापल्या जोडीदाराबरोबर एकाच दिवशी, काही मिनिटांच्या अंतरानं सुवर्णपदकं जिंकली. दोघंही मागच्या सीटवरचे. आपल्या पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांची दृष्टी तरुणपणी काचबिंदूनंच गेली. त्यांनी टँडेमवर मनाली ते खारदुंगला हा हिमालयातला रस्ता पार केला, आणि आता डोळस आणि दृष्टिहीन माणसांना एकत्र घेऊन ते अशा सहली काढतात.

हे मी सकाळी चहा घेताना यांना वाचून दाखवलं. काचबिंदू शब्द आला तसा यांनी पेपर घेतला. पण उघडला नाही.

चार दिवस मी लेकीच्या सायकलवर एकटीनं सराव केला. पाचव्या दिवशी आम्ही कालव्याकाठच्या रस्त्यावर टँडेम काढली. पहिल्या दोन वेळा पडता पडता वाचलो. निघताना दोघांनी एकदम पायडल मारावी लागते, आणि आमची सवय 'आधी मी, मग तू' अशी. तिसऱ्यांदा मी मोठ्यानं म्हटलं, "एक, दोन, तीन," आणि गाडी निघाली.

मग मी बोलत राहिले. "डावीकडे वळतेय. समोर बदकं आहेत, हळू. आता चढ." पाठशाळेत मुलांना ईर्या समिती शिकवायचो, चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकायचं. त्या दिवशी मी दोघांसाठी बघत होते. यांचा जोर मला पायात जाणवत होता. अडुसष्टाव्या वर्षीही पाय माझ्यापेक्षा भक्कम आहेत. पुलाचा चढ मी एकटीनं चढलेच नसते.

बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, "अगं, किती राहिलं?" हरिपूरच्या रस्त्यावर हाच प्रश्न मी विचारायची. मी म्हटलं, "दमलात का?" तर म्हणाले, "छे. लवकर संपू नये म्हणून विचारतोय."

त्या संध्याकाळी जेवताना यांनी जावयाला आपल्या डोळ्यांबद्दल सांगितलं. कुठपर्यंत दिसतं, कुठून अंधार सुरू होतो, सगळं. तीन वर्षांत पहिल्यांदाच. मी भाकरी वाढत राहिले, मध्ये बोलले नाही.

सांगलीत आल्यावर आमच्या सायकलवाल्याला विचारलंय. मागवून देतो म्हणालाय. पहाटे रस्ता मोकळा असताना काढायची, असं ठरलंय. बघू.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी वेळ आली असेल, तर लेकासुनेकडे, लेकीकडे गेल्यावर एकदा टँडेम चालवून बघा. पुढे बसलात तर बोलत राहा. मागे बसलात तर पाय थांबवू नका. आणि तुमची डबलसीटची एखादी आठवण असेल तर मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र.