विश्लेषण : टेक्सासचे शिकारी कुत्रे आफ्रिकेच्या जंगलात कसे रुळले?

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यान परिसरात फेब्रुवारी 2018 पासून कुत्र्यांच्या टोळ्या गेंडे मारणाऱ्यांचा माग काढत आहेत. ‘सदर्न आफ्रिकन वाइल्डलाइफ कॉलेज’च्या या प्रकल्पातल्या टोळ्यांचं मूळ अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये आहे.

त्यांची गरज का पडली?

2014 या एकाच वर्षात दक्षिण आफ्रिकेत शिंगांसाठी 1,215 गेंडे मारले गेले. चोरटे शिकारी बहुतेकदा पौर्णिमेच्या आसपास, चंद्रप्रकाशात येतात. पट्ट्याला बांधलेलं कुत्रं माणसाच्याच वेगानं पुढे जातं, त्यामुळे चोर निसटतो. टोळी मात्र मोकळी सुटते. गळ्यात जीपीएस कॉलर असते आणि वर हेलिकॉप्टर.

हवामानाचं काय?

उष्णता टेक्सासच्या कुत्र्यांना नवी नाही, पण ऋतू उलटे आहेत. जानेवारीत टेक्सासमध्ये हिवाळा, तर क्रूगरमध्ये भर उन्हाळा. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड ठेवतो, त्यामुळे नव्या कुत्र्याकडून आधी सकाळच्या गारव्यात थोडंच काम करून घ्यावं लागतं, मग हळूहळू अंतर वाढवायचं. गोचिडी त्याहून वाईट. त्यांच्यामुळे होणाऱ्या तापाचा तिथला प्रकार (‘बॅबेसिया रॉसी’ या परजीवीचा) विशेष जीवघेणा आहे. बाहेरून आलेल्या कुत्र्याचा त्याच्याशी कधी सामनाच झालेला नसतो.

सर्वांत अवघड काय?

सावज बदलणं. या टोळ्यांत बीगल, ब्लडहाउंड, फॉक्सहाउंड आणि ब्लूटिक आहेत. यातला ब्लूटिक हा मुळात रॅकूनच्या शिकारीसाठी पैदास केलेला कुत्रा, आणि आफ्रिकेच्या जंगलात रॅकूनच नाहीत! तिथे इम्पाला, रानडुक्कर, बिबट्या असे शेकडो नवे वास आहेत आणि त्या सगळ्यांकडे दुर्लक्ष करून फक्त माणसाचा माग धरायचा. एखादं हरीण दिसलं आणि टोळी त्यामागे गेली, तर मोहीम तिथेच संपली. म्हणून प्रशिक्षण जन्मापासूनच सुरू होतं आणि कुत्रा साधारण 18 महिन्यांचा झाल्यावर कामाला लागतो. एक जुनी सवय मात्र जशीच्या तशी उपयोगी पडते. रॅकून झाडावर चढला की खाली उभं राहून भुंकत राहायचं. माणूस चढला तरी तेच करायचं.

फरक पडला का?

कुत्र्यांशिवाय शिकारी हाती लागण्याचं प्रमाण 3 ते 5 टक्के होतं, ते सुमारे 68 टक्क्यांवर गेलं, असं कॉलेजनं सांगितलं होतं. हे आकडे प्रकल्प चालवणाऱ्यांचेच आहेत आणि त्यात पट्ट्यावरचे कुत्रेही धरलेले आहेत, म्हणजे सगळं श्रेय मोकळ्या टोळीचं नाही.