दुबळी लहर आणि ग्राहकाची गाळणी

रेडिओच्या इतिहासांत मानाचें पान नेहमीं प्रेषकयंत्राला मिळतें. केंद्र किती किलोवॅटचें, मनोरा किती उंचीचा, उद्घाटन कोणाच्या हस्तें झालें, हें आपण आवडीनें सांगतों. परंतु दुबळ्या केंद्राचें भवितव्य पुष्कळदां ऐकणाऱ्याच्या संचांतील एका लहानशा भागावर ठरतें. त्या भागाला आपण गाळणी म्हणूं. शेजारच्या बलवान लहरींना दाराबाहेर थोपवून हवी ती लहर आंत घेणें, एवढेंच तिचें काम. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर बसून पांच-सात वॅटच्या यंत्रावर हौसेनें बिनतारी संभाषण करूं पाहणारास तर तिची ओळख करून घेतल्यावांचून गत्यंतरच नाहीं.

मुंबईचें इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्या काळच्या साध्या संचांत गॅलेनाचा खडा, त्यावर टेकविलेली बारीक तार आणि तांब्याच्या तारेचें एक वेटोळें, एवढाच संसार असे. गाळणीचें सारें काम त्या एका वेटोळ्याकडे. आकाशांत केंद्रें मोजकीं होतीं तोंपर्यंत निभावलें. अधिक चांगला मार्ग अमेरिकन संशोधक आर्मस्ट्राँग यानें १९१८ मध्येंच शोधून ठेवला होता. येणारी प्रत्येक लहर आधीं एका ठराविक मधल्या कंपनसंख्येवर आणावी, म्हणजे त्या एकाच कंपनसंख्येसाठीं उत्तम गाळणी बसवितां येते, ही ती युक्ति. पुढें घरगुती संचांत ही मधली कंपनसंख्या ४५५ किलोसायकलच्या आसपास स्थिरावली. पत्र्याच्या डब्यांत बसविलेल्या वेटोळ्यांच्या जोड्या, ही त्या संचांची गाळणी. संगीताला ती ठीक, पण दाटीवाटीच्या पट्ट्यांत क्षीण आवाज वेचून काढण्यास भोंकें फार मोठीं. १९३२ मध्यें जेम्स लॅम्ब या अमेरिकन हौशी तंत्रज्ञानें ग्राहकांत क्वार्ट्झ स्फटिकाची चकती बसवून दाखविली, आणि एका मोर्स संदेशाला दुसऱ्यापासून सुरीनें कापल्याप्रमाणें वेगळें करितां येऊं लागलें. दाबानें स्फटिकांत विद्युत् उत्पन्न होते, हें क्यूरी बंधूंनीं १८८० मध्येंच दाखविलें होतें. त्याचा असा उपयोग होण्यास अर्धशतक लोटलें.

आतां १९४२ कडे वळूं. महायुद्ध सुरू होतांच १९३९ मध्यें सरकारनें हौशी प्रेषकांचे परवाने रद्द केले होते. तरीहि ‘चले जाव’च्या दिवसांत मुंबईंतून काँग्रेस रेडिओचा आवाज उठला. उषा मेहता, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी हीं मंडळी त्यामागें होतीं, आणि यंत्र जुळविणारा नरिमन प्रिंटर हा बिनतारीचा जुना हौशी माणूस. लहरीची लांबी ४२.३४ मीटर. हिशेब करून पाहा : ही कंपनसंख्या सुमारें ७.०८ मेगाहर्ट्झ येते, म्हणजे आज ज्याला हौशी लोक ‘चाळीस मीटरचा पट्टा’ म्हणतात त्याच्या हद्दींत. चोरून चालविलेलें लहान यंत्र, जागा वारंवार बदललेली, आणि ऐकणारांपाशीं मघां सांगितलेले घरगुती संच. ज्यांच्यासाठीं ते शब्द उच्चारले गेले त्यांना ते खरखरींतून वेचावे लागत असतील; उलट पोलिसांचे कर्मचारी तीच भाषणें ऐकून शब्दशः उतरून घेत होते. गाळणी कोणाचा पक्ष घेत नाहीं. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं केंद्रावर धाड पडली; ठिकाण दाखविणारा प्रिंटरच होता.

तेरा वर्षांनीं असाच एक दुबळा पण निर्भय आवाज आपल्या सह्याद्रींतून उठला. २५ नोव्हेंबर १९५५ रोजीं आंबोलीच्या रानांतून गोवामुक्तीचें गुप्त केंद्र बोलूं लागलें. आंबोली आज सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आहे. तो जिल्हा १९८१ चा, तेव्हां हा सारा मुलूख रत्नागिरींत मोडे. ‘व्हॉझ दा लिबेर्दाद’, म्हणजे स्वातंत्र्याचा आवाज, हें त्याचें पोर्तुगीज नांव. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनीं तें पोर्तुगीज व कोंकणी भाषांतून चालविलें. पुढें केंद्र कॅसलरॉकच्या जंगलांत गेलें आणि डिसेंबर १९६१ मध्यें गोवा मुक्त होईपर्यंत बोलत राहिलें. पणजीस एमिसोरा दे गोआ हें सरकारी केंद्र साधनसंपन्न. इकडे रानांत दोघांचा संसार. लिबिया लोबो-सरदेसाई यांना २०२५ मध्यें पद्मश्री मिळाली, तेव्हां पुष्कळांना हें केंद्र प्रथमच ठाऊक झालें असावें. ज्यांनीं दारें लावून तें ऐकलें त्यांची मात्र कोठेंच नोंद नाहीं.

त्या श्रोत्यांना आपल्या संचाची गाळणी बदलतां येत नव्हती. आजच्या हौशी माणसास ती येते, आणि याचें बरेंच श्रेय हैदराबादचे अश्हर फरहान यांच्या ‘बिटएक्स’ या आराखड्यास आहे. पुढें त्याचा तयार पट्टही निघाला. त्यांतील वेटोळीं तेथील स्त्रियांनीं हातानें गुंडाळलेलीं. गाळणीसाठीं महागडा भाग नाहीं : संगणकाच्या घड्याळांत वापरतात तसले साधे स्फटिक एकामागें एक जोडावयाचे, आणि प्रत्येक सांध्यापासून जमिनीकडे एक कंडेन्सर सोडावयाचा. शिडीसारखी रचना.

तथापि ही शिडी जुळविणें हें खरें काम. पुडींतील सर्व स्फटिकांवर एकच आंकडा छापलेला असला तरी ते जुळे नसतात. एकाच ऑसिलेटरांत एकेक बसवून कंपनसंख्या मोजावी आणि शक्य तितके जवळचे निवडावे; जेथें शंभर हर्ट्झांचा फरक राहतो तेथें गाळणीचा माथा खडबडीत होतो. कंडेन्सर मोठे घेतले कीं पट्टा अरुंद होतो, लहान घेतले कीं रुंद. बोलण्यास सुमारें २४०० हर्ट्झ लागतात, मोर्सला ५०० पुरतात. पट्टा एक-पंचमांश झाला म्हणजे सततची खरखरही सुमारें एक-पंचमांश होते. हा लाभ मोठा. पण हांव धरून फारच अरुंद केलें तर मोर्सचे ठिपके घंटेसारखे घुमत एकमेकांत मिसळतात. शिवाय पट्टा बदलला म्हणजे गाळणीच्या दोन्ही टोकांना लागणारा रोधहि बदलतो. तो न जुळविल्यास कांहीं स्वर उसळतात, कांहीं बुडतात, आणि हौशी माणूस विनाकारण स्फटिकांना दोष देतो.

आणखी एक खुबी आहे. या शिडीचा आकार दोन्हीं बाजूंस सारखा नसतो. सह्याद्री पाहा : कोंकणच्या अंगास तुटलेला कडा, देशाच्या अंगास लांब उतार. येथें कडा वरच्या कंपनसंख्येच्या बाजूस असतो. आवाज पुन्हा घडविणारा ऑसिलेटर त्या कड्याच्या पायथ्याशीं ठेवावा. तो ट्रिमरनें हलवितां येतो. पट्ट्याच्या फार जवळ आणला तर बोलणें घोगरें होऊन पलीकडच्या अंगाचे शेजारी आंत डोकावतात. फार दूर नेला तर आवाज पातळ, पत्र्यावर बोलल्यासारखा.

वैशाखाच्या अखेरीस किनाऱ्यावर वीज कडाडूं लागते, तेव्हां मात्र गाळणीकडून फारशी अपेक्षा नको. विजेचा तडाखा साऱ्या कंपनसंख्यांवर एकदम पसरलेला असतो, आणि अरुंद गाळणी तो उलट लांबवून घुमविते. म्हणून संच जुळविण्यास हिंवाळ्यांतील शांत रात्र निवडावी. सात मेगाहर्ट्झवर दूरचें एखादें क्षीण संभाषण पकडावें, लांकडी किंवा प्लास्टिकच्या टोंकाचा पेचकस घ्यावा, कारण लोखंडी टोंक जवळ नेतांच कंपनसंख्या सरकते, आणि बोलणाराचे ‘स’ व ‘श’ वेगळे कळूं लागेपर्यंत ट्रिमर अगदीं थोडा थोडा फिरवावा.