सीताबर्डी : उंचीचा अधिकार

शहर उंचावरून पाहण्याची हौस आधुनिक मानली जाते. १९३१ साली न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत खुली झाली आणि तिकीट काढणाऱ्या कोणालाही महानगर पायांखाली पाहता येऊ लागले. परंतु उंचीवर उभे राहण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्याहून पुष्कळ जुना आहे. नागपुरात त्याचा निवाडा सीताबर्डीच्या जोडटेकड्यांवर झाला.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशवे व कंपनी यांच्यात लढाई जुंपली. त्याच महिन्याच्या २४ तारखेला अप्पासाहेब भोसल्यांनी रेसिडेंट जेंकिन्सचा विरोध डावलून पेशव्यांनी पाठविलेली मानाची वस्त्रे स्वीकारली. दोनच दिवसांनी युद्ध पेटले. टेकड्यांच्या पूर्वेस भोसल्यांचे शहर होते, पश्चिमेस रेसिडेन्सी. कंपनीच्या सुमारे चौदाशे शिपायांनी दोन्ही टेकड्या धरल्या होत्या. समोर कित्येक पटींनी मोठी फौज उभी होती. २७ तारखेच्या सकाळी भोसल्यांच्या अरबांनी लहान टेकडी जिंकलीही. पण कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळाने मुसंडी मारली, दारूगोळ्याच्या एका गाडीचा स्फोट झाला आणि टेकडी पुन्हा कंपनीच्या हाती गेली.

आम्हांस येथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या लढाईची जी तपशीलवार वर्णने आपण वाचतो, ती बहुतांशी कंपनीच्या अधिकाऱ्यांची, म्हणजे टेकडीवरून पाहणाऱ्यांची आहेत. 'दृष्टिकोन' हा समीक्षेतला शब्द येथे अक्षरशः खरा ठरतो. त्या वर्णनांत खालून चढणारे अरब म्हणजे एक गर्दी असते. टेकडी राखणारे बहुसंख्य शिपाई मद्रास व बंगालच्या पलटणींतले, एतद्देशीयच होते. पण त्यांचीही ओळख पलटणीच्या क्रमांकापलीकडे क्वचितच जाते. जिंकणाऱ्याला टेकडीबरोबर निवेदकाची जागाही मिळाली.

पुढे इंग्रजांनी तेथे किल्ला बांधला. राजा महालात राहिला, तोफा टेकडीवर गेल्या. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले, तेव्हा लढाई करावी लागली नाही. छत्तीस वर्षे डोक्यावर असलेल्या किल्ल्याचा त्यात काहीच वाटा नसेल, असे आम्हांस वाटत नाही.

आज किल्ला भारतीय सैन्याच्या ताब्यात आहे. पायथ्याशी सीताबर्डीची बाजारपेठ गजबजलेली असते, मेट्रोच्या दोन मार्गिका तेथे एकत्र येतात. वर जाण्याची मुभा मात्र प्रजासत्ताकदिन, महाराष्ट्रदिन, स्वातंत्र्यदिन अशा मोजक्या दिवशीच मिळत आली आहे. त्या दिवशी वर जाणाऱ्यांनी प्रथम पूर्वेकडे, महालाच्या दिशेने पाहावे. अप्पासाहेबांची फौज तिकडूनच आली होती. तिच्या बाजूने ही लढाई सांगणारे लेखन मराठीत अजून फार थोडे आहे.