मेंदूचा कासरा

 

मेंदू हुकूम देतो आणि हात हलतो, हे आपण शाळेत शिकलो. पण गरम तव्याकडे गेलेला हात अर्ध्यावर थांबतो, तेव्हा काय होतं? थांबायलाही हुकूम लागतो. बैल चालतात आपल्या बळावर, पण गाडी वाटेवर राहते ती कासऱ्यामुळे. मेंदूतही असा कासरा आहे. तो माणसाला कसा सापडला, त्याची ही गोष्ट.

सुरुवात बेडकापासून झाली. १८६२ साली सेचेनोव्ह नावाचा रशियन डॉक्टर पॅरिसमध्ये प्रयोग करत होता. बेडकाचा पाय सौम्य आम्लात बुडवला की बेडूक तो झटकन ओढून घेई. सेचेनोव्हने बेडकाच्या मेंदूवर एका ठिकाणी मिठाचा खडा ठेवला, तर पाय ओढायला उशीर लागू लागला. पाय धडधाकट होता, पण वरून त्याला कोणीतरी आवरून धरत होतं. मेंदू हालचाल सुरू करतो तशी ती रोखतोही, हे यातून पुढे आलं.

पण जित्या माणसाच्या डोक्यात कसं डोकवायचं? जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर या डॉक्टरने १९२४ साली माणसाच्या मेंदूतल्या बारीक विजेची नोंद घेतली आणि १९२९ साली ती छापली. हाच ईईजी. आजही दवाखान्यात डोक्याला मलम लावून तारा जोडतात, ती हीच तपासणी.

१९५० साली अमेरिकेत मेंदूत ‘गाबा’ नावाचा पदार्थ सापडला. एका पेशीने दुसरीला ‘थांब’ म्हणायचं ते याच पदार्थातून, हे कळायला आणखी काही वर्षं गेली. मेंदूच्या वरच्या थरात साधारण पाचातली एक पेशी हे थांबवण्याचं काम करते. पाचात एक म्हणजे कमीच, पण कासराही बैलापेक्षा हलकाच असतो.

ईईजी मेंदूचं ऐकतो, पण त्याला प्रश्न विचारत नाही. ती सोय १९८५ साली झाली. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात अँथनी बार्कर आणि त्यांच्या सोबत्यांनी तारेचं वेटोळं डोक्याजवळ धरलं आणि त्यातून क्षणभर जोरदार वीज सोडली. इंडक्शनच्या शेगडीला जाळ नसतो, तरी तिच्या चुंबकामुळे भांड्यात वीज तयार होते. तसंच चुंबकाचा झटका हाडातून आरपार गेला, मेंदूत वीज उठली आणि माणसाचा हात हलला. डोकं उघडावं लागलं नाही, फारसं दुखलंही नाही.

१९९३ साली लंडनमध्ये कुजिराई आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. एका जोरदार झटक्याने हात किती हलतो ते मोजलं. मग त्या झटक्याआधी, सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या अंतराने, एक हलका झटका दिला. दोन झटके म्हणजे हात जास्त हलेल असं आपल्याला वाटेल, पण तो कमी हलला. हलक्या झटक्याने थांबवणाऱ्या पेशी आधी जाग्या झाल्या होत्या. कासरा मोजता आला!

पण हात हलतो तो मेंदूच्या एका पट्ट्यामुळे. कपाळामागच्या भागाला झटका दिला तर काहीच हलत नाही, मग मोजायचं काय? म्हणून झटका आणि ईईजी एकत्र आणले. यात अडचण अशी की झटक्याच्या जोराने ईईजीचं यंत्रच काही क्षण आंधळं होई. फिनलंडमधल्या हेलसिंकीत इल्मोनिएमी यांच्या गटाने खास यंत्र बनवून १९९७ साली दाखवलं की एका जागी दिलेल्या झटक्याची लाट मेंदूत कुठे कुठे पसरते. २०१४ साली जर्मनीतच, ट्युबिंगनला, निरोगी माणसांना गाबाचं काम वाढवणारी औषधं दिली, तेव्हा त्या लाटा बदलल्या. वेटोळ्याचा ‘टक्’ आवाज ऐकूनही मेंदूत लाट उठते, म्हणून अशा प्रयोगात माणसाच्या कानात दुसरा आवाज लावतात.

मैत्रिणींनो, हे तुम्हाला का सांगते? आकडी येते, फीट येते, तेव्हा मेंदूच्या पेशी एकदम भडकतात आणि कासरा अपुरा पडतो. ती बाहेरची बाधा नाही आणि कुणाचं पापही नाही. फेनोबार्बिटोन हे फीटचं औषध १९१२ पासून वापरात आहे. ते गाबाचाच जोर वाढवतं, हे मात्र नंतर कळलं.

म्हणून फीट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. आजूबाजूचं टोकदार सामान दूर करा, माणसाला कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर ताबडतोब दवाखान्यात न्या. चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

आणखी एक. लग्न मोडेल म्हणून मुलीची फीट लपवतात, तिची गोळीही चोरून देतात, मग सासरी गोळी सुटते आणि फीट पुन्हा येते. पूर्वी हिंदू विवाह कायद्यातच फेफऱ्यावरून लग्न रद्द ठरवायची वाट होती. १९९९ साली तो शब्द कायद्यातून काढला. कायद्याने काढला, आपल्या तोंडून अजून निघायचा आहे. पुढच्या बैठकीत हिशेब झाला की पाच मिनिटं यावर बोला. गटात अशी एखादी लेक असेलच, तिची आई ऐकत असेल.