शाळेत रंधा यावा, जात नको!

मार्च २०२३ मध्ये बल्लारशाहच्या डेपोतून सागवान अयोध्येला रवाना झाले. पूजा झाली, मिरवणूक निघाली, पुढाऱ्यांचे फोटो छापून आले. मंदिराच्या दरवाजांसाठी आपल्या जंगलाचे लाकूड निवडले गेले, याचा चंद्रपूर जिल्ह्याने अभिमान बाळगावा, असे आम्हाला सांगण्यात आले. त्या दरवाजांवरचे कोरीवकाम मात्र बाहेरच्या राज्यांतल्या कारागिरांनी केले. लाकूड आमचे, कसब दुसऱ्यांचे. आलापल्ली आणि बल्लारशाहची नावे इंग्रजांच्या काळापासून सागवानासाठी ओळखली जातात. मग इथल्या सहावी-सातवीच्या पोराला रंधा कसा धरायचा, हे शाळेने का शिकवले नाही?

आता शिकवणार म्हणतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार सहावी ते आठवीच्या काळात प्रत्येक मुलाने सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम, मातीकाम अशा व्यवसायांची प्रत्यक्ष ओळख करून घ्यायची आहे. शिवाय दहा दिवस दप्तराविना गावातल्या सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकायचे आहे. यावर आपल्या कार्यकर्त्यांत दोन तट पडलेले मी बैठकांत बघतो. एक तट म्हणतो, "आमच्या पोरांना कॉम्प्युटर द्या, पुन्हा करवत कशाला?" दुसरा म्हणतो, "हाताला काम मिळत असेल तर विरोध कशाला?" मित्रांनो, दोन्ही बाजूंनी आधी इतिहास तपासावा. शाळेतल्या सुतारकामाचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही.

वर्धा, १९३७

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून डॉ. झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि डिसेंबरात तिचा अहवाल आला. सात ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण एका हस्तोद्योगाभोवती गुंफायचे, अशी ही योजना. सूतकताई, विणकाम, शेती, चामड्याचे काम यांच्या जोडीला सुतारकामही त्या यादीत होते. साडेपाच तासांच्या शाळेतले ३ तास २० मिनिटे उद्योगाला दिले होते. मुलांनी बनवलेला माल विकून शाळेचा खर्च निघावा, ही गांधींची कल्पना होती.

आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता आणि आजचा गडचिरोली जिल्हा त्याच चांद्यात होता. वर्धा आपल्या उंबरठ्यावरचे. याच प्रांतात रविशंकर शुक्लांची विद्यामंदिर योजनाही आली. म्हणजे हा प्रयोग आपल्याच अंगणात झाला.

हाताने काम करत शिकावे, या कल्पनेत वाईट काही नाही. पण मुलाने शाळेचा खर्च भरून काढायचा म्हटले की मूल विद्यार्थी राहत नाही, मजूर होते. शिकताना लाकूड वाया जाते, खाच चुकते, पाट वाकडा होतो. विकायचा माल मात्र चुकून चालत नाही. आर्थिक बाजूच्या ओझ्याखाली शिक्षणाचा हेतू मरण्याचा धोका आहे, असा इशारा खुद्द झाकिर हुसेन समितीनेच दिला होता.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. या परिषदेच्या सव्वा वर्ष आधी, जुलै १९३६ मध्ये, बाबासाहेबांच्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'ला उत्तर देताना गांधींनी 'हरिजन'मध्ये वर्णाचे समर्थन केले होते. प्रत्येकाने वाडवडिलांच्या धंद्यावर पोट भरावे, हा वर्णाचा नियम त्यांना मान्य होता. आता हे आणि शाळेतला हस्तोद्योग शेजारी ठेवून वाचा. वाढयाचा पोरगा रंधा शिकेल, चांभाराचा पोरगा चामडे शिकेल. वकिलाचा पोरगा मात्र थोडी सूतकताई करून पुन्हा वकिलीकडे जाईल, त्याला कोण अडवणार?

मद्रास, १९५३

ही भीती काल्पनिक नव्हती. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी ग्रामीण प्राथमिक शाळांचा वेळ तीन तासांवर आणला. उरलेल्या वेळात मुलाने बापाचा धंदा शिकायचा. पेरियार आणि द्रविड चळवळीने याला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाचे शिक्षण, हे नाव दिले आणि रान पेटवले. राजाजींचे मुख्यमंत्रिपद गेले आणि १९५४ मध्ये कामराज यांनी योजना मागे घेतली. तिथल्या बहुजनांनी शाळेत अवजार नको असे म्हटले नव्हते. जन्माने ठरवून दिलेले अवजार नको, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्येही हाच वाद झाला. गुलामगिरीत जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगीत सुतारकाम, विटा, शेती शिकवली. १९०३ मध्ये ड्यू बॉईस यांनी विचारले, आमची झेप तिथेच का थांबवता? हात शिकवायला त्यांचा विरोध नव्हता, डोक्यावर छत घालायला होता. याच ड्यू बॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते.

बाबासाहेबांची भूमिका

जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांचे म्हणणे आपल्याला पाठ असते. पण त्याचा अर्थ 'हाताचे काम हलके' असा काढणे म्हणजे ब्राह्मणी विचार मागच्या दाराने घरात घेणे होय. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना जे निवेदन दिले, ते पुन्हा वाचा. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचा फारसा फायदा होणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, असे ते सांगतात. त्यासाठी शिष्यवृत्त्या मागतात. सोबत सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने इथे आपल्या मुलांना शिकाऊ म्हणून जागा मागतात. बापाच्या धंद्याकडे परत पाठवणारी योजना आणि यंत्राजवळ नेणारी योजना यांतला फरक त्यांना नेमका ठाऊक होता.

कोवळ्या बोटांची किंमत

या इतिहासाची एक बाजू सुरक्षेची आहे आणि तिच्याकडे आपण फार कमी बघतो. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यात कामगार मुलाचे किमान वय सात होते. १८८४ मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून मागण्या मांडल्या. १८९१ मध्ये ते वय नऊ झाले, १९२२ मध्ये बारा आणि १९४८ मध्ये चौदा. म्हणजे सातावरून चौदावर यायला ६७ वर्षे लागली. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी पुढे नेलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. संविधानाच्या अनुच्छेद २४ ने चौदा वर्षांखालील बालकाला कारखाना, खाण आणि धोक्याच्या कामावर ठेवायला बंदी घातली.

१९४८ च्या कायद्याचे कलम २३ सांगत होते की, धोक्याचे ठरवलेल्या यंत्रावर अठरा वर्षांखालील व्यक्तीला काम द्यायचे तर आधी धोका आणि खबरदारी पूर्ण समजावली पाहिजे. शिवाय तिला पुरेसे प्रशिक्षण मिळालेले हवे होते, नाहीतर जाणकाराची देखरेख हवी होती. कारखान्यासाठी एवढा नियम होता, तर शाळेत त्याहून कडक का नको?

या वाटचालीवर पाणी फिरवले २०१६ च्या बालकामगार कायद्यातील दुरुस्तीने. शाळा सुटल्यावर आणि सुटीत मुलाने 'कौटुंबिक उद्योगात' मदत करायला तिने मोकळीक दिली. आपल्या देशात कौटुंबिक उद्योग म्हणजे बहुतेकदा जातीचा उद्योग. राजाजींचे उरलेले अर्धे वेळापत्रक कायद्याच्या भाषेत परत आले! आता दप्तराविना दहा दिवसांत मुले गावातल्या आरामशीनवर भुसा गोळा करत बसली, तर त्याला शिक्षण म्हणायचे की फुकट मजुरी?

वर्गात काय दिसले पाहिजे

सुरक्षा म्हणजे भिंतीवरचा फलक नव्हे. लाकूड शिकंज्यात घट्ट आवळलेले असावे, म्हणजे एका हाताने ते धरून ठेवायची वेळ येत नाही. पटाशी चालवताना दोन्ही हात धारेच्या मागे असावेत. धार लावलेली असावी, कारण बोथट पटाशीला जोर जास्त लागतो आणि ती घसरते. ओढणी, सैल बाही, मोकळे केस बांधलेले असावेत. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क असावा. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवले आहे. फिरती करवत या वयाच्या मुलांपासून लांबच असावी. प्रथमोपचार पेटी भरलेली असावी, कुलूपबंद नव्हे.

लाकूड कुठून आणायचे, हाही आपल्याकडे प्रश्न आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले आहे, सागवानाला नाही. सामूहिक हक्क मिळालेल्या गावांत ग्रामसभेच्या बांबूपासूनच सुरुवात करता येईल. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहेच. पण बांबूची कूसही हातात घुसते, म्हणून नियम तेच.

आपल्या मागण्या

१. सुतारकाम सगळ्यांना. आश्रमशाळेतल्या माडिया पोराने रंधा चालवायचा असेल, तर चंद्रपूरच्या महागड्या इंग्रजी शाळेतल्या पोरानेही चालवावा. मुलींनाही तेच काम, तीच अवजारे.

२. काम निवडताना मुलाची जात किंवा बापाचा धंदा विचारायचा नाही.

३. मुलांनी बनवलेली वस्तू विकून शाळेचा खर्च भागवायचा नाही.

४. शिकवणे शाळेच्या कार्यशाळेत व्हावे. गावातल्या कारागिराला मानधन देऊन, 'गुरुजी' म्हणून वर्गात बोलवावे. मुलांना आरामशीनवर पाठवू नये.

५. सुतारकामासोबत त्यातले गणित आणि विज्ञान शिकवावे. गुण्यातला काटकोन पुढे अभियांत्रिकीपर्यंत गेला पाहिजे. हे प्रशिक्षण दाखवून कोणाची विज्ञान शाखेची वाट अडवू नये.

कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हे पाच मुद्दे लेखी द्यावेत आणि ठराव करून घ्यावा. 'दप्तराविना दिवस' कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली होणार, मुलाला इजा झाली तर जबाबदार कोण, याचे लेखी उत्तर मागावे. उत्तर आले नाही तर माहिती अधिकार आहेच.

१६ ऑक्टोबर १९५६ ला याच चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण जन्माने ठरलेले ओझे टाकले, कष्ट टाकले नाहीत. आपल्या पोरांनी रंधा अवश्य शिकावा. दहाही बोटे शाबूत ठेवून शिकावा आणि शेजारी पाटलाचा, डॉक्टरचा पोरगाही तोच रंधा ओढत असावा.

जय भीम!